डाव्या हाताचं दार

आत्याला जेवताना आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं. काशीत रामघाटावरच्या त्या घरात ती स्वयंपाक करताना दिसायची, वाढताना दिसायची, उष्टी काढताना दिसायची, आणि मग केव्हातरी, आपलं लक्ष नसताना, ती जेवून झालेली असायची. लहानपणी मला खरंच वाटायचं की ही बाई वासावर जगते. मी एकदा तसं विचारलंही. "वासावरच तर एवढी सुटले आहे," ती म्हणाली आणि माझ्या पानात न मागितलेली पोळी टाकली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. अण्णा रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली. पुढे आत्याचं लग्न रामघाटावरच्या वैदिकाच्या घरात झालं तेव्हा या भावाला कडेवर घेऊनच ती सासरी आली. घराच्या तळमजल्यावर वेदपाठशाळा, आणि मुलांचं जेवण आत्याकडे. यजमान लवकर गेले, स्वयंपाकघर मात्र काही सुटलं नाही. आम्ही रविवारी तिकडे जायचो. खालून मुलांची संथा वर यायची, वरून आत्याच्या पोळपाटाची खडखड खाली जायची, आणि दोन्ही एका तालात चालल्यासारखं वाटायचं. पंगतीत "पुरे" म्हणणाऱ्याला एक डाव जास्त मिळायचा, एवढा एकच नियम त्या घरात कडक होता.

आम्ही स्वतः राहायचो शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वेच्या वसाहतीत. अण्णा कारखान्यात सुतारकाम विभागात सुपरवायझर होते. लाकूड, पट्टी आणि स्क्रू या तीन गोष्टींनी जगातले निम्मे प्रश्न सुटतात आणि उरलेले निम्मे मुळात प्रश्नच नसतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये रिकामी भिंत म्हणून राहिली नव्हती. इस्त्रीचं टेबल भिंतीतून बाहेर यायचं, माझं अभ्यासाचं टेबल खिडकीखाली मिटायचं, आणि कोयता कुठे ठेवलाय हे पाहुण्यांना शोधूनही सापडायचं नाही. आईलाही कधीकधी सापडायचा नाही, पण ते ती अण्णांना सांगायची नाही. परवा माझ्या मुलाच्या नव्या घरात मॉड्युलर किचनवाला तरुण मला कोपऱ्यातलं फिरतं कपाट मोठ्या कौतुकाने दाखवत होता. मी त्याला विचारलं, "यात गोल डबे ठेवणार की चौकोनी?" तो मोबाइलमध्ये कॅटलॉग शोधायला लागला. अण्णा असते तर त्याला पुढचा तासभर सोडलं नसतं.

आता मुद्द्यावर येते. अण्णा लहान असताना विषमज्वराने अगदी जायला टेकले होते. तेव्हा आत्या नवस बोलली, की हा उठू दे, मी पंचक्रोशी चालेन. पंचक्रोशी म्हणजे काशीभोवतीची पाच मुक्कामांची अनवाणी प्रदक्षिणा, अधिक महिन्यात घालायची. अण्णा उठले, वाढले, नोकरीला लागले, त्यांना मुलगी झाली, पण आत्याची पंचक्रोशी राहिलीच. दर अधिक महिन्यात काहीतरी निघायचं. कधी पाठशाळेत गोवराची साथ, कधी देशावरून आलेले यात्रेकरू, कधी कुणाचं बाळंतपण. आणि स्वयंपाकघर मोकळं झालं तेव्हा गुडघे गेले. मी नववीत असतानाच्या उन्हाळ्यात अधिक महिना येणार होता. थंडी सरतानाच गाय घाटाच्या वैद्यांनी तिचे गुडघे दाबून पाहिले आणि स्वच्छ सांगितलं, की त्यापुढच्या अधिक महिन्यापर्यंत ही बाई जिना उतरली तरी पुष्कळ. आत्या आईपाशी म्हणाली, "नवस फेडल्याशिवाय गेले तर माधवाच्या नावावर राहील गं ते." माधव म्हणजे अण्णा. आईने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी जेवणाचं पान अर्धं टाकलं आणि सायकल काढून गेले. परत आले ते डबा मिळवूनच.

डबा म्हणजे मोटारीमागे ओढायचं एक चाकांचं घर. संगीत शिकायला आलेलं एक परदेशी जोडपं ते आपल्या देशातून बनारसपर्यंत ओढत घेऊन आलं होतं. अस्सी घाटाच्या पलीकडच्या आमराईत त्यांनी ते लावलं, वर्षानुवर्षं त्यात राहिले, आणि शेवटी विमानाने निघून गेले. अण्णा त्यांची खिडक्या-दारं दुरुस्त करून द्यायचे, म्हणून जाताना ते किल्ली अण्णांच्या हातावर ठेवून गेले होते. आत घुशी राहत होत्या. अण्णांनी शेजारच्या यादवजींची जीप लावून तो वसाहतीत आणला, आमच्या कडुनिंबाखाली उभा केला आणि जाहीर केलं, "वृद्धांना डोली चालते ना? मग ही चाकांची डोली. अक्का जमेल तेवढं चालेल, दमली की आत बसेल, आणि आपल्याच हातचं सोवळ्यातलं जेवेल." पाठशाळेच्या शास्त्रीबुवांना विचारून झालं. डोली चालते म्हणाले. चाकांबद्दल शास्त्रात काही नाही म्हणाले, म्हणजे नाहीही नाही.

मग तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कारखान्याचा भोंगा वाजला की अर्ध्या तासात कडुनिंबाखाली रंधा सुरू. मी शाळेतून आले की हाताखाली. डब्याचं दार उजवीकडे होतं आणि डावी भिंत खिडकीसह अखंड, म्हणून अण्णांनी डाव्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत कपाट केलं, खिडकीपुरता चौकोन सोडून. अण्णांच्या मते गोल डबा म्हणजे जागेचा अपमान. दोन गोलांच्या मधली जागा कुणाच्या बापाची, असं ते विचारायचे. म्हणून आईने गल्लीतून तेलातुपाचे चौकोनी पत्र्याचे डबे जमवले, सोड्याने घासले, आणि ते कपाटात असे बसले की मध्ये काडेपेटी जाणार नाही. प्रत्येक फळीला पुढून बोटभर उंचीची पट्टी, म्हणजे खड्ड्यात डबे उडी मारणार नाहीत. मसाल्याच्या बरण्यांची झाकणं फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूने पक्की केली. बरणी वर धरायची, फिरवायची, की ती लटकली. पोळपाटाला भिंतीत खाच, लाटण्याला दोन कड्या, विळीच्या पात्याला लाकडी म्यान. चामड्याचं अण्णा करणार होते, पण सोवळ्यात चामडं कसं चालेल, म्हणून आईने हाणून पाडलं. गंगाजळाच्या कळशीसाठी फळीला कळशीच्या बुडाएवढं भोक. पातेली एकात एक, आणि मध्ये आत्याच्याच जुन्या लुगड्याचे तुकडे, आवाज होऊ नये म्हणून.

सोवळ्याचं वाळत घालायला छतालगत दांडी, आणि ती वर-खाली करायची काठी ठेवायला दाराच्या चौकटीत खोबण. देवांसाठी एक उथळ खण, त्यात प्रत्येक देवाच्या बैठकीच्या मापाचा खळगा. बाळकृष्णाचा रांगता गुडघा मापात बसेना, तेव्हा अण्णांनी कानस घेऊन त्या एका खळग्यावर अख्खी संध्याकाळ घालवली. मी डब्यांवर चित्रं काढली, कारण आत्याला चष्म्याशिवाय वाचता येत नसे आणि चष्मा ती स्वयंपाकघरात घालत नसे. माझी तूर आणि माझा हरभरा सारखेच दिसायचे. आईने पडदे शिवले, जुन्या नऊवारीच्या काठांचे. शेजारपाजारचे लोक संध्याकाळी आत डोकावून जायचे. आत्या एका रविवारी येऊन बघून गेली. तिने फक्त वितीने ओटा मोजला, बरणी फिरवून काढली, परत लावली, परत काढली, आणि मग लहान मुलीसारखी हसली. त्या हसण्यावर अण्णा आठवडाभर तरंगत होते.

यात्रेच्या सकाळी मणिकर्णिकेवर संकल्प सोडला आणि नावेने अस्सीकडे निघालो. मुन्शी घाटापाशी ऊन पाण्यावर आलं. आत्या नावेत ताठ बसली होती, मांडीवर देवांचा खण. अस्सीपासून ती खरोखरच चालली, आईचा हात धरून, मला वाटलं त्याच्या दुप्पट. मग यादवजींनी डबा आणला, आत्या आत बसली आणि आम्ही तिघं तिच्यामागून अनवाणी. कंदव्याला, पहिल्या मुक्कामाला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. यादवजींनी डबा धर्मशाळेशेजारी, रस्त्याच्या डाव्या कडेला लावला. आत्याने ओट्यावर तांदूळ धुतले, पाणी मोरीत ओतलं, आणि सवयीने ते कुठे जातंय हे बघायला दारातून वाकली. घरी गॅलरीतूनही ती तसंच बघायची, खालून कुणी जात असेल तर अंगावर पडू नये म्हणून.

"माधवा," ती म्हणाली, "हे पाणी रस्त्याकडे जातंय."

"जाऊ दे की अक्का, वाळेल."

"रस्ता कुठल्या हाताला आहे?"

अण्णांनी रस्त्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. काशीत वाढलेल्या कुठल्याही पोराला माहीत असतं, की पंचक्रोशीत उजव्या हाताला काशी असते. देवळं उजवीकडे, धर्मशाळा डावीकडे. खाणं, झोपणं, चूळ भरणं, खरकटं टाकणं, सगळं डाव्या हाताला. उजवीकडे थुंकायचंही नाही. आणि आमच्या डब्याची मोरी उजवीकडे, दार उजवीकडे. ज्या देशातून तो आला त्या देशात गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतात, म्हणून त्यांचं उतरायचं दार तिकडे. कडुनिंबाखाली डबा उभा होता तेव्हा डावं-उजवं असं काही नव्हतंच. एक घराची बाजू होती आणि एक झाडाची. अण्णांनी पळीच्या दांड्यापर्यंत सगळं मोजलं होतं, पण डबा कशाभोवती फिरणार आहे हे त्यांच्या मोजमापात नव्हतं. तेवढ्यात एक बस इतकी जवळून गेली की उघडं दार हादरलं आणि आत्या मागे सरकली.

"मोरीचा पाइप फिरवतो," अण्णा म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

"आणि मी? मी उष्टं घेऊन, आंघोळीचं ओलं घेऊन, पाच दिवस काशीच्या अंगावर उतरू?" आत्या अजिबात चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पदर खोचला, देवांचा खण उचलला. "डबा फार सुरेख केलास रे. सामान राहू दे त्यात. मी चालते. हळूहळू होईल."

पुढचा मुक्काम भीमचंडी, चांगलाच लांबचा टप्पा. तिचे गुडघे त्या सकाळीच भोपळ्यासारखे सुजले होते. अण्णांना ते दिसत होतं आणि डाव्या भिंतीवरचं कपाटही दिसत होतं. दुसरं दार करायचं तर तिथेच, खिडकीखाली. "अक्का, तीन महिने घातलेत मी त्या कपाटात," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. "मी कुठे तोड म्हणते?" आत्या म्हणाली. यादवजी उगाच टायर बघायला लागले.

आई फारसं बोलणारी बाई नव्हती. ती आत गेली आणि माझ्या तुरीच्या चित्राचा डबा काढून धर्मशाळेच्या ओट्यावर आणून ठेवला. मग हरभऱ्याचा. मग तांदळाचा. एकेक डबा काढत, पुसत, ओळीने ठेवत गेली. अण्णांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. खालच्या दोन फळ्या रिकाम्या झाल्या तसे अण्णा उठले, जीपमधून हत्यारांची पेटी काढली आणि मला म्हणाले, "ठमे, पट्टी धर. हलवू नकोस." मी धरली. आधी ड्रिलने ओळीने भोकं, मग पत्र्याची कात्री, मग करवतीचं पातं. कापताना पत्रा असा किंचाळायचा की धर्मशाळेतले सगळे यात्रेकरू भोवती जमले.

"का गुरु," एक पैलवान गृहस्थ गमछा खांद्यावर टाकत म्हणाले, "नई गाड़ी काहे काटत हउवा?"

"उलटी पहिन ली थी, गुरु," अण्णा घाम पुसत म्हणाले. "सीधी कर रहा हूँ।"

लोक हसले, अण्णाही हसले, आणि तिथून पुढे काम चढत्या लयीत गेलं. गुरूंनी पत्रा धरला, त्यांच्या मंडळींनी लिंबूपाणी आणलं. खिडकी होती तशीच राहिली, तिच्याखालचा भाग कापून त्याला कपाटाच्याच बिजागऱ्या लावल्या, आतून कडी. झालं अर्धं दार. वरची खिडकी उघडली की ते पानाच्या ठेल्यासारखं दिसायचं. खालच्या कप्प्याची पेटी उलटी घालून पायरी केली. उजवीकडचं दार कायमचं बंद केलं आणि कपाटाच्या निघालेल्या फळ्या त्या दारावरच ठोकल्या. सांजेपर्यंत दाराचं कपाट झालं होतं आणि कपाटाचं दार. मोरीचा पाइपही डावीकडे गेला. आत्या आत चढली, देव ठेवले, आणि डाव्या हाताने चौकट धरून त्या पेटीवर पाय देत खाली उतरली. "आता बरोबर आहे," ती म्हणाली. तीन महिन्यांच्या कपाटापेक्षा मला ते ओबडधोबड दार जास्त आवडलं, आणि अजूनही आवडतं. अण्णांनी त्याच्या कडा पुढे कधीच घासून गुळगुळीत केल्या नाहीत. राहू दे म्हणायचे.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती चैन. आत्या थोडं चालायची, थोडं बसायची, आणि मुक्कामाला पोचलं की खिडकी उघडून सुरू. डब्यात एका वेळी एकच माणूस उभं राहू शकत होतं, आणि ते माणूस अर्थातच आत्या. खिडकीतून आमटी-भात, कैरीचं पन्हं, अधिकाचे अनारसे. आमची पाच पानं होती, ती भीमचंडीला दहा झाली आणि रामेश्वरला वरुणेकाठी मोजायची आम्ही सोडून दिली. ते गुरु तर पुढच्या मुक्कामाला आमच्या आधी पोचून पत्तल, म्हणजे आपली पत्रावळ, घेऊनच बसायचे. "माई, ई का कहत हउवा, आमटी? तनी अउर द।" म्हणत द्रोण पुढे करायचे. आत्याचा चेहरा उन्हाने काळवंडला होता आणि उजळलाही होता. पण शिवपूरच्या मुक्कामाला माझ्या लक्षात आलं, की रामघाटावरचं तेच इथेही चाललंय. सगळे जेवतात, खिडकी बंद होते, आणि आत्या जेवून झालेली असते. माझ्या लक्षात आलं तसं अण्णांच्याही आलं असावं. त्या रात्री ते भांडी घासणाऱ्या आईपाशी बसून काहीतरी कुजबुजत होते.

कपिलधारेला शेवटचा मुक्काम. तिथून वरुणेच्या संगमावर जायचं, नाव धरायची आणि मणिकर्णिकेला संकल्प पुरा. कुंडात आंघोळी झाल्या. आत्या ओलेत्याने लगबगीने डब्याशी आली, आडोशाला सोवळं नेसली आणि दार ढकललं. दार आतून बंद. खिडकीत अण्णा, उघडे, कमरेला त्यांचा सोवळ्याचा मुकटा, घामाने निथळत, पिठल्यात डाव हलवत.

"माधवा, कडी काढ."

"आत जागा नाही, अक्का."

"मग तू बाहेर ये."

"मी कामात आहे. तू बस."

"अरे, पण तुला येतं काय?"

"पिठलं-भात. तूच शिकवलास. स्टुलावर उभा करून."

आत्याने आईकडे पाहिलं. आईने पाट मांडला होता, पाण्याचा तांब्या ठेवला होता, पत्तल पुसून ठेवली होती. एकच. "बसा ताई," आई म्हणाली, "आम्ही तुमच्यामागून." यादवजी लांबून हात जोडून म्हणाले, "बइठा माई, बइठा।" आत्या बसली, पण परक्या घरी बसल्यासारखी. हातांचं काय करायचं तिला कळेना. तिने तांब्या सरकवला, परत जागेवर ठेवला. खिडकीतून अण्णांचा लांब हात आला आणि तिच्या पानात भाताची मूद पडली, वर पिठलं, बाजूला मिरचीचा ठेचा, आणि अण्णांच्या काटकसरी हाताचं थेंबभर तूप. पिठल्यात गाठी होत्या. सगळ्यांना दिसत होत्या.

ती जेवायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी आत्याला जेवताना पाहिलं. ती भातात मधोमध छोटंसं आळं करते, घास लहान घेते, जेवताना एक शब्द बोलत नाही, आणि मिरची शेवटपर्यंत कडेला जपून ठेवते. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिने वाढवलेल्या तिच्या भावालाही नाही. अण्णा खिडकीवर कोपरं टेकून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं. पुसायचं त्यांना भान नव्हतं. मलाही रडू येत होतं आणि त्याचबरोबर इतका आनंद होत होता की काय करू कळेना, म्हणून मी तिला वारा घालायला लागले. आज इतक्या वर्षांनी, अण्णा नाहीत आणि आत्याही नाही, तरी पंक्तीत कुणी भातात आळं केलं की मी जेवायची थांबते.

पान संपलं. आत्याने शेवटी मिरची खाल्ली, पाणी प्यायली. अण्णांनी भाताचं पातेलं खिडकीशी आणलं.

"अक्का, आणखी वाढू?"

रामघाटावर हा प्रश्न हजारदा तिनेच विचारला होता. तिने वर पाहिलं, आधी भावाकडे, मग पातेल्याकडे, आणि पत्तल हाताने जराशी पुढे सरकवली.

"वाढ की," ती म्हणाली. "आणि तूप जरा हात सैल सोडून."